दोन दारांच्या गाडीचा तपास

हे प्रकरण मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण घरचे लोक विसरू देत नाहीत. मी तेव्हा जबलपूरच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. आमच्याकडे टीआय म्हणतात. नोकरीतला तो शेवटचा हिवाळा. ठाण्याच्या रोजनामच्यात या तपासाची नोंद नाही, आणि नाही तेच बरं.

माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, नोकरीला लागली आणि तिनं घरात जाहीर केलं की ऑटोक्रॉसमध्ये उतरायचं आहे. मोकळ्या मैदानात प्लास्टिकचे शंकू मांडतात, एकेक गाडी सोडतात, ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकतो. पाटनकडच्या एका मुरमाड मैदानावर ही स्पर्धा ऐन थंडीत होणार होती, रीतसर परवानगी घेऊन. त्यासाठी तिला जुनी स्पोर्ट्स कार हवी होती, आणि तिला परवडेल अशी शहरात एकच होती, घमापुरात. तिचे वडील, म्हणजे आमचे जावईबापू, फॅक्टरीतले शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी अट घातली, "दादांनी गाडी पास केली तर घे. नाही तर विषय बंद."

निकाल माझ्या हातात आला. गाड्यांबद्दल माझं ज्ञान म्हणाल तर आयुष्यभर सरकारी जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. पण माणूस वाचता येतो, ही घमेंड होती.

निघताना भाचीला ताकीद दिली, "तिथं तू बोलायचं नाही. स्पर्धेचं तर नावही काढायचं नाही. ऑफिसला जायला हवी, एवढंच. आपली गरज दिसली की समोरचा डोक्यावर बसतो."

"मी काहून चूप बसू, मामा? गाडी मी चालवणार आहे."

"तपास अधिकारी कोण?"

"आप ही हो, साहब," म्हणत तिनं हात जोडले.

मी साध्या वेशात होतो. घरात शिरण्याआधी शेजार विचारायचा, ही जुनी सवय. गल्लीच्या तोंडाशी पानवाला होता. त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "गाड़ी तो बढ़िया है साहब, पर कभी-कभी मिट्टी में सनी हुई लौटती है." गाडी मातीनं माखून येते, ही खबर मी मनात टिपून ठेवली. ओळख ना पाळख, तो मला 'साहब' का म्हणाला, हे मात्र टिपलं नाही.

विक्रेत्यानं दार उघडलं, माझे बारीक कापलेले केस पाहिले, पोलिसी तपकिरी बूट पाहिले आणि सरळ उभा राहून म्हणाला, "जय हिंद, सर." साधा वेश उंबऱ्यातच संपला.

पंखे-कुलर विकणारा तरुण दुकानदार होता. घरात दुसरं बाळ आलं, आता दोन दारांची गाडी पुरत नाही, म्हणून विकतोय म्हणाला. इथवर पटण्यासारखं होतं. मी चौकशी सुरू केली.

"गाडी कुठंकुठं वापरली?"

"बस सर, घर से दुकान."

"दुकान कुठं आहे?"

"यहीं… नीचे."

जिना उतरायला स्पोर्ट्स कार! भर थंडीत त्याच्या कपाळावर घाम आला होता. नजर चुकवत होता. इतक्या वर्षांच्या अनुभवात हे म्हणजे अर्धा कबुलीजबाब.

मग गाडीत बसलो. बसलो म्हणजे बरीच खटपट करून आत पडलो. फसवणुकीच्या एका जुन्या केसमध्ये शिकलो होतो की पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून विकणारे सीटच्या पट्ट्याचा गुंडाळलेला भाग धुवायला विसरतात. पट्टा शेवटपर्यंत ओढला. तांबडी धूळ माझ्या पांढऱ्या शर्टावर सांडली.

"पुरातली गाडी," मी जाहीर केलं. "चार सौ बीस का मामला बनता है."

तो पांढराफटक पडला. "नहीं सर, बाढ़ नहीं…"

"चल बेटा. केस बंद. तुझ्या बाबांना नाही म्हणून सांगतो." मी बाहेर पडायची खटपट सुरू केली.

भाची जागची हलली नाही. तिचा चेहरा उतरला होता, पण तिनं वाकून पायाखालची चटई उचलली, खालचं अस्तर चाचपलं, सीटखाली मोबाइलचा उजेड मारला. "मामा, पाण्याची रेघ कुठं आहे? गंज कुठं आहे? गाळ असा भुरभुरते का? ही कोरडी धूळ आहे, मुरमाची." आणि माझा हुकूम मोडून ती त्याच्याकडे वळली. "भैया, मुझे ये गाड़ी ऑटोक्रॉस के लिए ही चाहिए. आपने मैदान में दौड़ाई है न?"

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. "साहब पकड़ेंगे तो नहीं?"

"परवानगीच्या स्पर्धेत कशाला पकडू?"

'रेसिंग' शब्द ऐकला की पोलीस गाडी जप्त करणार, असं धरून तो बिचारा नेमकी तीच गोष्ट लपवत होता जी आम्हाला हवी होती. आणि ती हवी आहे, हे मी लपवत होतो.

मग त्याला कोण थांबवणार! कुलरच्या खोक्यांमागून मैदानाचे टायर आले, जुन्या चादरीत गुंडाळलेली खास सीट आली. पुढचा बंपर दोनदा बदललाय, क्लच नवा आहे, गिअर थंडीत अडकतो, सगळं त्यानं आपणहून सांगितलं. "दीदी, पहले मोड़ पर जल्दबाज़ी मत करना, पीछे से घूम जाती है." दोघं गाडीखाली डोकं घालून बोलत राहिले. मला चहाचा एक कप मिळाला.

तिथूनच जावईबापूंना फोन लावला. त्यांनी विचारलं, "दादा, सांभाळून वापरलेली आहे ना?"

"नाही. मैदानात पळवलेली आहे, ठोकलेलीही आहे. आणि आपली पोरगीही तेच करणार आहे."

"मग?"

"मग घेऊन टाका. विकणाऱ्यानं आता काही लपवलेलं नाही, आणि तुमची मुलगी गाडी माझ्यापेक्षा चांगली तपासते."

"हेल्मेट चांगलं घे म्हणावं तिला," ते म्हणाले. हाच होकार होता.

स्पर्धेत पहिल्या फेरीत तिनं शंकू उडवला, दुसरी फेरी स्वच्छ काढली. बक्षीस नाही, पण पाटनहून घरी येईपर्यंत तिची बडबड थांबली नाही.

नोकरीभर मी नव्या शिपायांना सांगत आलो की घाबरलेला माणूस काहीतरी लपवतो. ते चूक नाही. पण माणूस गुन्ह्यामुळे घाबरलाय की माझ्या बुटांमुळे, हे आधी तपासावं, एवढं त्या वाक्याला जोडायचं राहिलं होतं. आणि त्याचा सोपा उपाय असा की समोरच्यानं खरं सांगावं असं वाटत असेल, तर आपण कशासाठी आलो आहोत ते आधी सांगून टाकावं. निवृत्तीआधीच्या उरलेल्या महिन्यांत मी ठाण्यात हे करून पाहिलं. पुष्कळ तक्रारी चहा यायच्या आत मिटल्या.