खाट कुठे होती

‘घर दाखवणं’ हा आमच्या कामातला शब्द आहे. कागदावर त्याला गृहभेट म्हणतात. वस्तीत मात्र कोणी गृहभेट म्हणत नाही. बाया एकमेकींना सांगतात, उद्या घर दाखवायचंय. मग कोणीतरी येतं, चपला न काढता उंबऱ्यात उभं राहतं, भिंतींवरून एकदा नजर फिरवतं आणि जातं. त्या नजरेवर पुष्कळ काही ठरतं. मी सामाजिक कार्यकर्ती म्हणून ती नजर बरीच वर्षं वापरली. त्या नजरेला काय दिसावं आणि काय दिसू नये, याची तयारीसुद्धा मीच करून देत असे. हा भाग मी सहकाऱ्यांमध्ये हसत सांगितलेला आहे. पुढचा भाग कधीच सांगितला नाही.

मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला एक गल्ली होती, अजून आहे. पेठ-सुरगाण्याकडून नाशकात आलेली घरं. बाया पहाटे यार्डात मेथी-कोथिंबीर निवडायला आणि जुड्या बांधायला जायच्या. द्राक्षांचा हंगाम आला की टेम्पोत उभ्या राहून पिंपळगावला पॅकहाऊसवर पेट्या भरायला. आमची संस्था तिथल्या विधवा, टाकलेल्या, आजारी बायकांची निराधार अनुदानाची प्रकरणं करून द्यायची. अर्ज भरायचा, दाखले जमवायचे. मग चौकशीला माणूस यायचा, त्याच दिवशी आमची गृहभेट व्हायची आणि तिचा अहवाल जोडला जायचा.

निराधार बाईकडे टीव्ही नसावा असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. पण चौकशीला आलेल्याला टीव्ही दिसला की त्याचा चेहरा बदलायचा. “टीव्ही आहे की,” एवढंच तो म्हणायचा आणि प्रकरण मागे पडायचं. नवरा जिवंत असताना हप्त्यावर घेतलेला टीव्ही आता बाईच्या विरोधात साक्ष द्यायचा. म्हणून मी आदल्या दिवशी जाऊन सांगायला लागले की टीव्ही हलवा, मिक्सर हलवा, कपाट असलं तर त्यावर गोधडी टाका. गल्लीच्या टोकाला ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका राहायचे. त्यांच्याकडे मागची खोली रिकामी होती. सगळ्यांचं सामान तिकडे जायचं आणि चौकशी झाली की परत यायचं. काका मला म्हणायचे, “मॅडम, माझ्याकडं तीन टीव्ही हायेत आन् बातम्या बघायला मी हॉटेलात जातो.” गल्ली हसायची. मीही हसायचे.

यात काही चुकतंय असं मला वाटत नव्हतं. माझं सासर गोदाकाठी यात्रेकरूंचे विधी करणाऱ्यांचं. यजमान, म्हणजे विधी करवून घेणारे यात्रेकरू, घरी उतरणार असले की सासूबाई टीव्हीवर कशिद्याचा रुमाल टाकायच्या, सोफा आतल्या खोलीत ओढायच्या आणि बाहेर पाट मांडायच्या. सासरे म्हणायचे की लांबून आलेल्या माणसाला जसं घर बघायचं असतं तसं ते दिसलं पाहिजे. त्यात फसवणूक नव्हती, पाहुण्याची सोय होती. मी तीच सोय सरकारची करत होते, असं मी स्वतःला सांगितलं असावं. खरं तर तेव्हा सांगण्याचीही गरज पडली नाही.

त्या गल्लीत एक बाई होती. तिशीच्या आतली, मुंबई-आग्रा रस्त्यावर नवरा अपघातात गेलेला, एक मुलगी पहिलीत. तिच्याकडे टीव्ही नव्हता. होती फक्त एक लोखंडी खाट, निळ्या रंगाची, नवऱ्याने भंगारबाजारातून आणून स्वतः रंगवलेली. खोलीच्या मानाने ती फारच मोठी होती, त्यामुळे आत शिरलं की आधी खाटच दिसायची. मायलेकी तिच्यावर झोपायच्या. मुलीचं दप्तर तिच्या खुराला टांगलेलं असायचं.

खाट राहू दिली असती तरी चाललं असतं. मीच म्हटलं, ही पण काढ, उगीच कशाला विषय. खाट दारातून सरळ निघेना. काका आणि आणखी एकाने ती उभी केली, तिरकी केली, चौकटीला निळा ओरखडा पडला. मुलगी खाटेचा एक पाय धरून काकांच्या खोलीपर्यंत मागे मागे गेली. परत आल्यावर तिने आईला विचारलं, आता कुठं झोपायचं. आई म्हणाली, एक दिवस खाली.

दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या खोलीत भेट देऊन मी अहवालात लिहिलं की घरात झोपण्यासाठी खाट नाही, बालिका जमिनीवर झोपते, घरात कर्ती व्यक्ती नाही, बालिकेच्या संगोपनास पुरेसे साधन दिसून येत नाही. हे शेवटचं वाक्य मला आवडायचं. ते मी पुष्कळ अहवालांत वापरलेलं आहे. अनुदान मंजूर झालं. बाई ऑफिसात येऊन टेबलावर कोथिंबिरीची भलीमोठी जुडी ठेवून गेली. ती आम्ही सगळ्यांनी वाटून घेतली.

त्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात तिला टीबी झाला. अंगावर काढलेला होता, त्यामुळे दवाखान्यात ठेवावं लागलं. मुलीला बघायला कोणी नव्हतं. काकांचे डोळे गेले होते. मुलीला काही दिवस बालगृहात ठेवू, हे मीच सुचवलं. बाई तयार नव्हती. मी म्हटलं, “अगं, तू बरी झालीस की घेऊन जा. तुझीच मुलगी आहे.” मुलीचा हात धरून मीच तिला समितीपुढे नेलं. कोणतंही मूल बालगृहात ठेवायचं की घरी सोडायचं ते ही समिती ठरवते. कुटुंबाची माहिती म्हणून माझा जुना अहवाल सोबत जोडला गेला. मीच जोडला. हाताशी होता.

बाई बरी झाली. दवाखान्यातून तसं लिहून मिळालं, मुकादम परत कामावर घ्यायला तयार झाला. मुलगी घरी सोडण्याआधी घर बघण्याचा नियम आहे, त्याप्रमाणे बालगृहाची कार्यकर्ती जाऊन आली. ती कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली होती, मी तिला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. तिने जे दिसलं ते लिहिलं. घर स्वच्छ, खाट आहे, पंखा आहे, आई मुलीची वाट बघते आहे.

समितीसमोर आम्ही सगळे एका लांब टेबलाभोवती बसलो होतो. बाई उभी होती. इस्त्रीची साडी, डोक्याला चापून तेल. समितीतले एक वयस्कर सदस्य दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचत होते. ते वाईट नव्हते, आणि हे मी त्यांना वाचवायला म्हणत नाही. त्यांनी शांतपणे विचारलं की या अनुभवी मॅडम म्हणतात घरात काही नाही आणि नवीन मॅडम म्हणतात सगळं आहे, तर मधल्या आजारपणात हे आलं कुठून. नवीन कार्यकर्ती म्हणाली, मी स्वतः बघितलं सर. ते म्हणाले, बघितलं असेल हो, पण भेट आहे म्हटल्यावर लोक शेजारचं सामान आणून ठेवतात, तुम्हाला अजून अनुभव नाही.

मग ते माझ्याकडे वळले. तुमच्या वेळी घरात खाट होती का?

बाई माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असणार की आता प्रश्न सुटला. तिने अगदी सहज, घरात बोलावं तसं म्हटलं, “मॅडम, सांगा ना, खाट कुठं होती ते.”

मी म्हणाले, “मी भेट दिली तेव्हा घरात खाट नव्हती.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. इतकं खरं वाक्य मी त्या टेबलावर फार वेळा बोललेले नाही.

सदस्यांनी बाईला विचारलं, कुठं होती म्हणजे, तुला काही सांगायचंय का. तिने माझ्याकडे पुन्हा बघितलं, मग खाली बघितलं आणि म्हणाली, “काही नाय.”

घरची परिस्थिती स्थिर होईपर्यंत मुलगी बालगृहातच राहील, असं ठरलं. गरिबी हे मूल आईपासून दूर ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही, असं धोरण सांगतं. हे वाक्य मी प्रशिक्षणात फळ्यावर लिहिते, आधी लिहायचे आणि अजून लिहिते. पण तिथे गरिबीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. आई सामान मागून आणून घर सजवते, खोटं दाखवते, असा मुद्दा झाला होता, आणि तो शंभर टक्के माझा होता.

बाईने पुढे जे केलं ते मला बऱ्याच उशिरा कळलं. निराधार असल्यामुळे मुलगी मिळत नाही, असा तिने अर्थ लावला आणि तहसील कार्यालयात जाऊन अनुदान बंद करा म्हणून अर्ज दिला. मी निराधार नाही, असं लिहून. पुढच्या वेळी समितीपुढे आली तेव्हा तिच्या नावावर नियमित येणारं काहीच उरलेलं नव्हतं, हंगामी मजुरी तेवढी. त्या वेळी मी तिथे नव्हते. त्यानंतर मुलीचं शिक्षण सुरळीत चालू आहे, शाळा मध्येच बदलू नये, असे शेरे पडत गेले. ते शेरेही चुकीचे नव्हते. मुलगी हुशार निघाली. आई भेटीच्या रविवारी जायची, सोबत द्राक्षं किंवा भाजलेल्या शेंगा. मुलगी मोठी होत गेली आणि परत नेण्याचा विषय निघेनासा झाला.

मी गप्प का बसले, याची दोन उत्तरं माझ्याकडे आहेत. पहिलं मी अनेक वर्षं वापरलं. खरं बोलले असते तर गल्लीतल्या सगळ्या बायकांची प्रकरणं उघडली असती आणि त्यांचं अनुदान गेलं असतं. ही भीती खोटी नव्हती, पण त्या क्षणी ती माझ्या मनात नव्हती. मनात ती नवीन कार्यकर्ती होती. तिच्या वहीत माझी वाक्यं उतरवलेली होती. अहवाल कसा लिहावा हे तिला मी शिकवलं होतं. तिच्यादेखत मला खोटी ठरायचं नव्हतं. बस्स, एवढंच. त्याहून मोठं काही शोधायचा मी प्रयत्न केला, सापडलं नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडावं लागतं. ती मुलगी मागच्या वर्षी बाहेर पडली आणि आईकडे आली. मला हे एका बैठकीत कोणीतरी चांगली बातमी म्हणून सांगितलं. मी दोन-तीन वेळा यार्डापर्यंत जाऊन परत आले. मग एका दुपारी गेले. न कळवता गेले. हेही माझ्यासाठी नवीनच होतं.

काका गेले होते, त्यांच्या खोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान झालं होतं. बाईच्या दारात मी चपला काढल्या. चौकटीवरचा निळा ओरखडा रंगाखाली दिसत नव्हता, पण हात लावला तर लागत होता. मुलगी घरी होती. नर्सिंगचा कोर्स करते, म्हणाली. तिने मला ओळखलं. “तुम्हीच मला तिकडं नेलं होतं ना?” तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती ओळख पटवण्याची चौकशी होती. बाईने स्टोव्हवर चहा ठेवला.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खाट कोणी हलवायला लावली, का लावली, समितीपुढे मला काय विचारलं आणि मी काय म्हणाले. मुलगी म्हणाली, “तिथल्या ताई म्हणायच्या, तुझ्या घरी झोपायला पण जागा नाही म्हणून आई नेत नाही. मला तर खाट आठवायची. निळी. मी ती कुणीतरी उचलून नेतंय आणि मी मागं जातेय, असं पण आठवायचं. मग वाटायला लागलं की मी मनानंच बनवलं हे. हॉस्टेलच्या पोरी बनवायच्या ना, माझा बाप पोलीस आहे, आमचा बंगला आहे. तसं.”

मी म्हटलं, “खाट होती. तू तिचा पाय धरून चालत होतीस.”

ती आईकडे वळली. “मग तू का नाही बोललीस तिथं?”

बाई चहा गाळत होती. “बोलले आस्ते तर आपली खाट खरी ठरली आस्ती, पन गल्लीतल्या बायांचं अनुदान बंद झालं आस्तं. दोघी-तिघी तर पार म्हाताऱ्या होत्या.” गाळणी बाजूला ठेवून ती म्हणाली, “मॅडम सांगतील वाटलं. त्यान्ला नीट सांगता येतं.”

माफी मागण्याचे शब्द मी घरून जुळवून आणले होते. ते मी बोललेही, पण त्या खोलीत ते अहवालातल्या वाक्यांसारखे वाजले. बाईने ते ऐकून घेतले. मुलगी नुसती खाटेकडे बघत राहिली. भिंतीला लागून होती ती, आता तपकिरी रंगवलेली. एका खुराला कॉलेजची बॅग अडकवलेली होती.

“बसा की,” बाई म्हणाली. “मगापासून उभ्या हायत.”

मुलीने खाटेवरचे वाळलेले कपडे एका बाजूला सरकवले. मी बसले.