देवगिरीच्या मेंढ्याला बोललेला नवस

शिरड शहापूरच्या सखुबाई यांचे वय आज चौसष्ट वर्षे आहे. त्यांपैकी पन्नास वर्षे त्या मेंढरांच्या मागे चालल्या आहेत. कोणाच्या रानात कळप बसवावा, कोणत्या ओढ्याला वैशाखातही पाणी टिकते आणि कोणते मेंढरू उद्या आजारी पडणार, हे त्यांना अचूक कळते. देवावर त्यांची श्रद्धा आहे. परंतु दुसऱ्याने आपल्या नावावर बोललेल्या नवसाचा त्यांना मनस्वी तिटकारा आहे, आणि त्यास कारण त्यांचे यजमान तातेराव हे आहेत.

मागच्या पावसाळ्यात कळपात तोंडाचा रोग शिरला. सतरा मेंढरे डोळ्यांदेखत गेली. देवगिरी किल्ल्यावर मेंढ्याच्या तोंडाची एक मोठी तोफ आहे, असे तातेरावांनी बाजारात एका मेंढपाळाकडून ऐकले होते. त्यांनी घाबरून त्या मेंढ्यालाच देव मानून बोलून टाकले, "रोग हटू दे, माझी कारभारीण तुझ्या शिंगांना भंडारा लावंल." आणि रोग हटला.

"अवं, नवस तुमचा, मंग माझं नाव काहून घातलं त्याच्यात?" सखुबाई कडाडल्या.

"माझे गुडघे किल्ला चढत्यात व्हय? देवाला खोटं कसं बोलू?"

या उत्तराने सखुबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण नवस राहिला आणि कळपाला पुन्हा काही झाले, तर दोष कोणाच्या माथी येणार, हे त्या जाणून होत्या. म्हणून जानेवारीत जीप ठरवली. मुलगा बालाजी, सून पुनम आणि तातेराव यांच्यासह त्या पहाटे निघाल्या, त्या साडेअकराला किल्ल्याच्या दाराशी उतरल्या. तातेराव तिथेच एका ओट्यावर बसले. "जाऊन या तुमी. मी चपला राखतो," ते म्हणाले. सखुबाई अनवाणी चढणार होत्या.

चांदमिनार दिसताच पुनमने मोबाइल काढला. "मामी, जरा हसा की!" सासूला ती मामी म्हणते.

"मी नवस फेडायला आले, दात दाखवायला न्हाई."

पुढे हत्ती हौदापाशी एक वाटाड्या शहरातल्या पाहुण्यांना माहिती सांगत होता. यादवांची ही राजधानी. पुढे दिल्लीच्या बादशहाने आपली राजधानीच इथे हलवली आणि प्रजेला इतक्या दूर चालत आणले. कित्येक जण वाटेतच गेले. सखुबाई थबकल्या. "एवढी माणसं हाकत आणली, आन् वाटंत चारा-पाणी कुठं हाय ते आधी बघितलं न्हाई? आमच्यात अशा माणसाला कोणी चार शेळ्या राखायला देणार न्हाई." पाहुणे हसले. वाटाड्या मात्र ओशाळला.

"बालाजी, त्या मानसाला इचार, मेंढा कुठं हाय," त्या म्हणाल्या.

"इचारायचं काय, माय? देव कुठं पायथ्याला असतो का? वरच असंल."

बालाजीला वाट विचारण्याची लाज वाटते. हा गुण बापाकडून आला आहे. सगळे वर निघाले. खंदकावरचा पूल झाला. मग अंधारी लागली. त्या काळ्याकुट्ट भुयारात वटवाघळांचा उग्र वास सुटला होता आणि पायाखालची पायरीही दिसत नव्हती. सखुबाई भिंतीला हात लावून चढल्या आणि प्रत्येक वळणावर तातेरावांचा उद्धार करीत गेल्या. पुढे बारादरीचा महाल झाला. शेवटी माथा आला. तिथे तोफ होती, पण तिला मेंढ्याचे तोंड नव्हते.

तिथल्या पहारेकऱ्याने कपाळाला हात लावला. "मेंढा तोफ? ती खाली, चिनी महालापाशी. तुमी तिच्या बाजूनंच आलात की!"

सखुबाई मटकन खाली बसल्या. "बालाज्या, पुढचं मेंढरू आंधळं असलं, का सारा कळप हिरीत जातो."

उतरून तोफेपाशी पोचेपर्यंत दुपार कलली होती. तोफेच्या मागच्या टोकाला खरोखर मेंढ्याचे डोके होते. रागातही सखुबाईंनी ते बारकाईने न्याहाळले. "ज्यानं घडवला, त्यानं मेंढा जवळून बघितला व्हता," त्यांनी निर्वाळा दिला आणि भंडाऱ्याची पुडी सोडली. तोच तिथला राखणदार धावत आला.

"आजी, हळद लावायची नाही! सरकारी ठेवा आहे. नियम आहे."

"लेकरा, माझा नवस हाय."

"दर्शन घ्या, हात लावा, पण काही फासायचं नाही."

सखुबाईंच्या डोळ्यांत संतापाने पाणी आले. एवढा किल्ला पालथा घातला, तरी नवस जिथल्या तिथेच. मग त्यांना रीत आठवली. नवस सैल करण्याचा, म्हणजे त्याची अट हलकी करून घेण्याचा, अधिकार ज्याने तो बोलला त्याचाच असतो. त्यांनी पुडी बांधली आणि अनवाणीच तडक दारापर्यंत खाली उतरल्या. तातेराव भिंतीला टेकून घोरत होते.

"उठा! मेंढा अर्ध्या वाटंलाबी न्हाई. चला, आन् तुमचा नवस तुमच्या तोंडानं सैल करा."

"आगं, गुडघे..."

"गुडघे संगं घ्या."

एका बाजूने बालाजी, दुसऱ्या बाजूने काठी, असे थांबत-थांबत तातेराव पाऊण तासाने वर आले. तोफेसमोर उभे राहून त्यांनी हात जोडले. "देवा, इथं भंडारा लावू देत न्हाईत. कारभारीण पुडी शिंगाला टेकवंल आन् भंडारा घरच्या एडक्याच्या शिंगाला लावंल. एवढ्यावर राजी व्हय."

राखणदाराने बांधलेल्या पुडीकडे पाहिले आणि मान डोलावली. सखुबाईंनी पुडी आधी एका शिंगाला टेकवली, मग दुसऱ्याला. कळप नवसातून मोकळा झाला होता.

तेवढ्यात किल्ला बंद होण्याची शिट्टी झाली. तातेरावांनी छाती फुगवून चौफेर पाहिले. "सखे, चढलो की गं मी किल्ला! उगंच भेत व्हतो."

परतीच्या वाटेवर सखुबाई जालन्यापर्यंत त्यांच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत.