माइकवाचून देवाचं काय अडतं

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन आम्ही नंदनवन वस्तीत राहायला आलो आणि चर्चमधला माइक माझ्या ताब्यात आला. दर रविवारी उपासनेच्या तासभर आधी जायचं, वायरी जोडायच्या, "हॅलो, चेक, चेक" करायचं. सहा वर्षांत एक रविवार चुकवला नाही. हळूहळू माझी अशी समजूत झाली, की बोलतात पाळकसाहेब, पण देवाचं वचन लोकांपर्यंत पोचतं ते माझ्यामुळे.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेत आभार मानले गेले. वेदीवर फुलं ठेवणाऱ्या बाईंचे, चहा करणाऱ्यांचे, बाहेरच्या चपला रांगेत लावणाऱ्या काकांचेसुद्धा. माझं नाव राहून गेलं. आणि हे सगळं माझ्याच माइकवरून, अगदी स्वच्छ आवाजात ऐकू आलं.

शनिवारी संध्याकाळी झाडलोट चालू असताना मी चर्चमध्ये गेलो, ॲम्प्लिफायरची वायर काढली आणि पिशवीत घातली. म्हटलं, बघू या देवाचं माझ्यावाचून कसं भागतं ते.

रविवारी सकाळी बायकोला सांगितलं, "अंगात कणकण आहे."

तिनं कपाळाला हात लावला. "थंडगार तर आहे."

"आतून आहे."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि एकटीच ऑटोनं गेली.

माझा बेत साधा होता. माइक बंद पडणार, धावपळ होणार, मला फोन येणार, आणि मी आजारपणातून उठून पाच मिनिटांत हजर होणार. पाच मिनिटांत पोचायचं तर जवळच असायला हवं. म्हणून वायर पँटच्या खिशात कोंबली, स्कूटर काढली आणि चर्चच्या मागच्या कडुनिंबाखाली, खिडकीजवळ जाऊन उभा राहिलो. फोन हातातच ठेवला.

पाळकसाहेबांनी माइकवर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. मला आत गुदगुल्या होत होत्या.

"माइक बंद दिसतो," ते शांतपणे म्हणाले. "मागचे पुढे या."

आमच्याकडे मागचे बाक आधी भरतात, कारण पंखे तिथे आहेत आणि दारही. वर्षानुवर्षं तिथे बसलेली माणसं कुरकुरत उठली आणि पुढे येऊन दाटीवाटीनं बसली. पाळकसाहेब पायरी उतरून त्यांच्यासमोर उभे राहिले. मग गीत सुरू झालं. माइक असला की लोक गायकांचं ऐकत बसतात. त्या दिवशी गायकांचा आवाज पुरेना, म्हणून सगळेच गायला लागले. सूर चार दिशांना गेले, पण आवाज असा भरला की झाडावरचे कावळे उडाले.

फोन काही वाजला नाही. रेंज आहे का, तेही मी तपासलं. होती.

पाळकसाहेब बोलू लागले, घरातल्यासारखे. "देवाला भूक नाही, तहान नाही, झोप नाही. आपण काय देणार त्याला? आमची धाकटी भातुकली मांडते आणि मला रिकाम्या कपातून चहा देते. मी फुर्र करून पितो. मला काही तहान लागलेली नसते. पण तिचा कप मी परत करत नाही. आपली सेवा तेवढीच आहे, रिकाम्या कपाएवढी. आणि तो पितो."

मी खिडकीबाहेर उभा राहून त्या रिकाम्या कपाचा विचार करू लागलो, आणि थोडा जास्तच पुढे झुकलो. आत खिडकीशेजारी एक म्हाताऱ्या मावशी बसतात. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या नेहमी मोठ्यानं बोलतात.

"काहून गा," त्या म्हणाल्या, "तिथं उभा राहून काय करून राहिला? अंदर ये."

सगळी मंडळी वळली. पळून जावं असं वाटलं, पण पाळकसाहेबांनी हातानं पुढची जागा दाखवली. मान खाली घालून आत गेलो आणि नेमका बायकोच्या शेजारी बसलो.

ती पुढे बघतच हळूच म्हणाली, "तुमचा ताप खिशातून लोंबून राहिला."

वायरचा प्लग मांडीपर्यंत आला होता.

उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना सगळं सांगून टाकलं. रुसवा, पिशवी, कडुनिंब. ते हसले नाहीत. हसू दाबताना मात्र दिसले. आभारांत नाव राहिलं ही त्यांची चूक होती, असं त्यांनी कबूल केलं.

"पुढच्या रविवारी येताय ना?" त्यांनी विचारलं.

"माझी गरज तर दिसत नाही."

"गरज नाहीच. तरी या."

हे ऐकून राग यायला हवा होता. उलट खांदे हलके झाले. सहा वर्षं मी देवाला उचलून धरलं होतं, असं मला वाटत होतं. बिचाऱ्यानं कधी तक्रार केली नव्हती.

वायर मी त्याच दुपारी जागेवर लावली. आता उपासना सुरू झाली की बटणांवरचे हात काढतो, डोळे मिटतो आणि सगळ्यांबरोबर गातो. बायकोचं म्हणणं एवढंच, की माझ्यासमोर कधी माइक ठेवू नये.