सा आणि शिट्टी

धारला आमचे वडील देवळात नगारा वाजवायचे. लहानपणी मला गाणं म्हणजे आवाज, आणि आवाज म्हणजे मोठा, एवढंच कळायचं. आरतीला मी नगाऱ्याला पोट टेकून उभा राहायचो. आईच्या ओव्या मिळमिळीत वाटायच्या.

नववीपासून लग्नांत डीजेच्या गाडीवर जाऊ लागलो. फीची सोय व्हायची. पण खरं सांगायचं तर फुकटही गेलो असतो. स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून बसायचं. खालून पोरं ओरडायची, "भिया, बेस बढ़ा!" मी बढवायचो. छाती हादरली नाही तर ते गाणंच नव्हे, असं माझं मत होतं. सकाळी कानात शिट्टी वाजायची, दुपारपर्यंत जायची. पुढेपुढे जाईना.

बी.ए.ला देवासला खोली घेतली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे आजही ताठ मानेनं सांगतो. शेजारच्या घरात एक बाई ख्याल शिकवत. भिंतीपलीकडून एकच स्वर, किती तरी वेळ. आधी वैतागलो. मग तो ऐकायला वर्ग संपला की धावत खोलीवर येऊ लागलो. इतक्या हळू आवाजानं मला कधी धरलं नव्हतं. शेवटी जाऊन म्हटलं, "बाई, मला शिकवा."

"इतक्या उशिरा आठवण झाली होय? बस. सा लाव."

लावला. तानपुरा वाजत होता, त्याच्या वर माझ्या कानातली शिट्टी. गळा तिच्याकडेच ओढला जाई.

"अरे, सा सोडून कुठं निघालास?"

महिनोन्‌महिने त्यांनी दम धरला. मग इंदूरला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. तो म्हणाला, "सुनना जो गया, वो वापस नहीं आता. सीटी भी रहेगी." बाईंना सांगितलं. त्यांनी तानपुऱ्यावर खोळ चढवली आणि चहा ठेवला.

आता धारलाच नोकरी करतो. ख्याल लावून पाहतो. जिथं गाणारा हळू होतो, नेमकी तिथं शिट्टी मोठी होते. बंद करतो. परवा दारावरून डीजेची गाडी घेऊन वरात गेली. शिट्टी बुडाली. मी चप्पल न घालताच रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. वडील ओट्यावरून म्हणाले, "बी.ए. झालास, आणि हे ऐकतोस?"

गाडी वळेपर्यंत मी ऐकत राहिलो.