पाहुण्यांचं गोड पाणी

आमदारकीला उभा राहिलेला माणूस आमच्या गावात यायच्या आधी त्याचा आवाज यायचा. आश्विनातली दुपार, कापूस फुटलेला, आम्ही मायलेकी वेचणीला वाकलेल्या, आणि तेल्हाऱ्याच्या बाजूनं कुठून तरी भोंगा तरंगत यायचा. वारा असेल तसे शब्द पोचायचे. '...कापसाले भाव...' मग नुसतं ऊन. '...दिवसा लाईन...' मग पुन्हा ऊन. मला तर वाटायचं, हे कोणी बोलत नाही, आपल्याला झोपेत ऐकू येतंय. माय मात्र एकाच शब्दासाठी कान देऊन असायची.

"पाणी म्हनलं का वं त्यानं?"

"नाही. लाईन म्हणाला, विजेची."

मग ती परत बोंडाला हात घालायची.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीकडे उतरत गेलं की जमीन काळीभोर आणि तिच्या पोटातलं पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहातलं दूध बघता बघता फाटतं. उन्हाळ्यात विहिरीच्या काठाला पांढरा थर धरायचा. लांबून पाहिलं तर कोणाच्या हातून रांगोळी सांडली असं वाटायचं. मला तो थर आवडायचा, खोटं कशाला बोलू. आम्ही घरचे तेच पाणी प्यायचो, पण पाहुण्याला ते द्यायची रीत नव्हती. पाहुण्यांसाठी घरोघरी एक वेगळी घागर असे, गोड्या पाण्याची, झाकून ठेवलेली. सातपुड्याच्या पायथ्याच्या मळ्यांतून भाजी आणणारे तेल्हाऱ्याचे एक चाचा होते, त्यांच्या टेम्पोत वांग्या-कोबीच्या पोत्यांमागे पाण्याच्या कॅनी यायच्या. घरातल्या कोणी त्या घागरीला हात लावला की मायचा हात पाठीत बसलाच म्हणून समजा.

कारण साधं होतं. खाऱ्या गावात पोरी द्यायला लोक कचरायचे. म्हणून गावानं ठरवून टाकलं होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझी वहिनी अशीच आली. तिचे वडील अमरावतीकडचे, संत्र्याच्या बागांतले. पाहायला आले तेव्हा मायनं पाणी गोड दिलं, चहाही त्याच पाण्याचा केला. लग्नानंतर पहिल्या सकाळी वहिनीनं रांजणातून गडवा भरला, एक घोट घेतला आणि मला हळूच विचारलं, "यात मीठ कोणी टाकलं?" मी इतकी हसले की पोट दुखलं. पुढं हसू आलं नाही. दिवस गेल्यावर तिच्या पायांवर सूज चढली, मूतखड्यानं ती रात्ररात्र तळमळली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे पाणी हिला मानवत नाही. बाळंतपणाला ती माहेरी गेली, मुलगी झाली, आणि तिनं निरोप धाडला: गावात गोड पाणी आलं की त्या दिवशी येते, तोवर लेकराला तिथं राहायला आणणार नाही. तिचं काय चुकलं? काहीच नाही. पण आमचा दादा दिवसभर शेतात आणि संध्याकाळी ओट्यावर, तोंडातून शब्द नाही. बाबा गेल्यावर शेत त्यानंच सांभाळलं होतं. ती सालंच तशी होती. कापसाचे भाव पडलेले, सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची, रोज कुठल्या तरी शेतकऱ्यानं फास घेतल्याची बातमी असायची. माय देवळात जाऊन काय मागायची ते मला ठाऊक होतं. नळ मागायची. भर उन्हात वेचता वेचता मध्येच थांबून म्हणायची, "नळ अंगणात नोको, मोरीपाशी बसवू. बाळंतिणीले वाकाव लागत नाई." तिच्या डोळ्यांना तो नळ दिसत होता, बाप्पा! धारसुद्धा ऐकू येत असावी.

तर तो उमेदवार आला. पायी फिरत आला, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, मागं दहा-बारा पोरं. ऐकलं होतं की ज्या गावी जी अडचण, तिथं तो तेच बोलतो. नदीकाठच्या गावी पुलाचं, तेल्हाऱ्यात कापसाचं. मला त्यात खोटेपणा वाटला नाही. दुखते तिथंच हात लावावा माणसानं. तो आमच्याच ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "माय, पाणी द्या जी."

चाचा नेमके मागच्या दारी कॅनी उतरवत होते. ते आत डोकावून म्हणाले, "भाभी, इनको कुएँ का पानी पिलाओ. एक घूँट में सब समझ जाएँगे."

"दारी आलेल्याले खारं पाणी? जीभ झडन माही!" माय म्हणाली.

माझं डोकं सणकलं. मी सरळ रांजणातून गडवा भरला आणि दाराकडे निघाले. मायनं तो मधेच हिसकला, अर्धा माझ्या अंगावर सांडला. "घराची इज्जत काढून राहिली का?" मी म्हटलं, "माय, नळ पायजे ना तुले? मंग देऊ दे!" ती ऐकेचना. घागरीवरचं झाकण काढून तिनं पाहुण्यांचा पितळी गडवा काठोकाठ भरला आणि डोक्यावर पदर घेऊन स्वतः बाहेर नेऊन दिला. तो गटागटा प्यायला. आणखी मागितलं. तिनं आणखी दिलं.

मग पारावर सभा. तो म्हणाला, "अख्ख्या पट्ट्यात फिरून राहिलो. जिथं जावं तिथं लोक पाण्यासाठी रडते. पण तुमचं गाव नशीबवान! आत्ताच या माउलीच्या घरी पाणी प्यालो, अमृत हाय अमृत! तुमाले पाण्याचा तरास नाई, तुमाले रस्ता नाई. रस्ता मी देतो!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! सगळ्यात जोरात सरपंचानं, कारण त्याच्या पोरासाठी त्याच आठवड्यात मुलीकडचे पाहुणे यायचे होते. एक माणूस उठून 'खोटं आहे' म्हणेल तर शपथ. मी तोंड उघडलं, तर मायनं दंडाला असा चिमटा घेतला की डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. घरी येताना एवढंच म्हणाली, "लय तहान लागली होती वं त्याले."

तो निवडून आला. दिल्या शब्दाला जागला, हे सांगायलाच हवं. रस्ता झाला आणि चांगला झाला. पाण्याची पाइपलाइन ज्या गावांनी त्याच्या तोंडावर रडून मागितली होती तिकडे गेली. आमच्या शिवाराच्या कडेकडेनं पुढं गेली.

त्याच रस्त्यानं आता गावात बस येऊ लागली, आणि एक दिवस त्या बसमधून वहिनी उतरली. कडेवर लेक. राहायला नाही, भेटायला. ओसरीत बसली, पोरगी दादाच्या बोटाशी खेळत होती आणि दादा तिच्याकडे असा पाहत होता की मला बघवेना. माय आतून पितळी गडवा घेऊन आली. वहिनीनं पाण्याकडे पाहिलं.

"मी पाहुणी झाली का, आत्या?"

"नाई वं बाई," माय म्हणाली, "पण तुले खारं पाणी देऊन 'राह्य' म्हनाचं तोंड नाई मले."

वहिनी प्यायली. लेकीलाही पाजलं. मग दादा उठला, आत गेला, आणि आपले दोन कपडे पिशवीत भरून बाहेर आला. शेत बटाईनं देतो, अमरावतीकडे काम पाहतो, असं काहीसं तो जमिनीकडे बघत सांगत होता. मायनं त्याला पुरतं बोलू दिलं नाही. ती आत गेली, तोच गडवा भरून आणला आणि त्याच्यापुढं धरला.

"घे. पिऊन जाय."

या घरात जन्मून एवढा मोठा झाला, पण त्या घागरीचं पाणी दादाला कधी मिळालं नव्हतं. त्यानं गडवा दोन्ही हातांनी घेतला आणि पिता पिता तो रडायला लागला.