गाळातलं बंदर

नदी सरकते आणि संस्कृतीचं भवितव्य तिच्यामागून सरकतं. हे वाक्य माझंच. बंदरांवरची तीन पुस्तकं लागोपाठ वाचली की माणूस असं बोलू लागतो. लोथलची गोदी आज कोरड्यात आहे. नदीनं पात्र बदललं, गाळ भरला, नावा यायच्या थांबल्या. एवढं डोक्यात घेऊन मी मे महिन्यात इंझोरीकडच्या आमच्या आटलेल्या तलावात उतरलो.

चुलतभाऊ तिथं गाळ भरत होता. त्याचं वावर बरड, नुसते गोटे. पावसाआधी गाळ पसरला तरच काही पिकणार, आणि मागून आणलेला ट्रॅक्टर संध्याकाळी परत द्यायचा होता.

त्याचं फावडं दगडावर वाजलं. चांगला हातभर दगड, मधोमध आरपार भोक. शेजारी तसेच आणखी चार, ओळीत. खाली उताराला दुसरी ओळ! मी त्याचं फावडं धरलं.

"थांब! नावा बांधायचे दगड आहेत हे. बंदर होतं इथं!"

"मंगरूळपीरले जाले एसटी भेटत नाई, अन् इथं जहाज येत होतं?"

"हात लावू नको. मी फोन करतो, जाणकार येऊन पाहतील."

"कवा? तोवर पाऊस येईन. मी कायले थांबू?"

मी तोवर तिथं लागणाऱ्या माहितीफलकाचा मजकूर मनात रचला होता. त्याच्या वावराचा त्यात उल्लेख नव्हता.

तेवढ्यात त्याची आई, म्हणजे माझी काकू, भाकरी घेऊन आली आणि सरळ पुराव्यावर बसली.

"अंबाडीचे गोटे हायत हे, येड्या. भोकातून दोर घालाचा, पेंढ्या बांधाच्या, पाण्यात बुडवाच्या. सडली का सोलाची, मंग दोर वळाचे."

"मग दोन ओळी कशाला?" मी विचारलं.

"गाळानं तलाव भरला, पाणी मांगं सरलं. आमी पाण्याच्या मांगं गेलो. रुतलेले गोटे कोन उपसते? नवे आनले."

मी उडालोच. पाणी सरकलं तशी माणसं सरकली, आणि जुना काठ दगडांत तसाच राहिला! पुस्तकांत हेच तर होतं, जहाजं वजा करून. मी धावत दोन्ही ओळींमधलं अंतर पावलांनी मोजलं, वहीत नकाशा काढला, काकूला पुन्हा पुन्हा विचारलं.

"आता तरी भरू का?" भावानं विचारलं.

"भर."

दिवस मावळायच्या आत बंदर त्याच्या बरडावर पसरलं होतं. तिथं आता सोयाबीन आहे.