गुबैशाची जीप डोंगर उतरते

गुबैशाचा भरवसा अल्लावर आणि त्याखालोखाल वाळूवर. माणसांचा नंबर बराच खाली लागे. नवरा गेल्यावर बिदियाच्या वाळवंटात शेळ्या, उंट, पाण्याची टाकी, सगळं तिनं एकटीनं ओढलं, ते जीपच्या जोरावर. पाय अनवाणी, आणि तो पाय ब्रेकवर सहसा जायचाच नाही. वाळूत ब्रेक दाबला की चाकांपुढे ढीग साचतो नि गाडी रुतते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, बाकीचं वाळू बघते. ब्रेक मारणाऱ्याला तिकडे सगळे हसतात.

हिवाळ्यात तिनं दिलमुरादच्या गॅरेजात जीपला मोठाले, रुंद टायर बसवून घेतले. जीप टेकड्या लीलया चढू लागली. मग एकदा बाजाराच्या चौकात तिनं ब्रेक दाबला, तर जीप रेंगाळत जाऊन मधल्या कठड्यालाच टेकली. गुबैशा तिथून थेट गॅरेजात.

"माझे चांगले ब्रेक काढून कुणाला विकलेस?"

"खाला, ब्रेकला मी हातसुद्धा लावला नाही. चाक मोठं झालं, जड झालं. त्याला धरणारा ब्रेक होता तेवढाच राहिला."

"मग टायर विकताना तोंडात खजूर होता का?"

"तुम्हीच म्हणालात, मी वाळूबाहेर जातच नाही."

हे खरं होतं, म्हणून तर तो तिला अधिकच लबाड वाटला.

पण आता वाळूबाहेर जाणं भागच होतं. धाकट्या लेकीचे, मुझैनाचे, दिवस भरत आले होते. जावई खल्फान जबल अख्दरच्या उंच डोंगरावर, लष्करी तळावर नोकरीला. बाळंतपण आणि पुढचे चाळीस दिवस लेकीनं आईकडेच काढायचे, ही रीत. आणि त्या डोंगराची उतरण म्हणजे सगळा ब्रेकचा खेळ.

दिलमुरादनं ब्रेकच्या मोठ्या डिस्क आणि जाड पॅड बसवले. गुबैशा दिवसभर चाकाशेजारी ठाण मांडून बसली. त्याला कॉफी पाजली, खजूर दिले, पण त्याच्या हातांवरची नजर हलवली नाही. काढलेले जुने भाग पोत्यात भरून स्वतःच्या गाडीत टाकले.

"आता नीट ऐका," तो म्हणाला. "मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवायची, जोरात ब्रेक दाबायचा, पण पुरती थांबवायची नाही. असं पाच-सहा वेळा. जळका वास येईल, घाबरू नका. मग ब्रेक न लावता चालवून गार होऊ द्या. त्याशिवाय पॅड डिस्कला धरणार नाहीत."

गुबैशानं मान हलवली आणि मनात म्हणाली, नवे पॅड मीच जाळायचे आणि पुन्हा तुझ्याच दारात यायचं, होय रे? तिनं त्यातलं काही केलं नाही.

डोंगर चढताना ब्रेकची गरजच पडली नाही. वर खल्फानच्या घराकडे उतरणारा बोळ लागला, तेव्हा तिनं पाय दाबला. जीप सरकतच राहिली. डाळिंबाच्या बागेच्या दगडी बांधाला टायर लागला, तेव्हा कुठं थांबली. दारात पोटावर हात ठेवून मुझैना उभी होती.

"उम्मी, बांध का पाडतेस?"

गुबैशानं उतरून बांधाला टेकलेलं चाक पाहिलं. हीच उतरण, बांधाऐवजी दरी आणि शेजारी ही पोर. दिलमुरादनं फसवलं, असं तोंडावर आलं होतं, पण मागोमाग दुसरी शंका आली: की आपण ऐकलंच नाही?

पोरीला घरातच ठेवून ती जीप पठारावरच्या सपाट रस्त्यावर घेऊन गेली. बिस्मिल्ला म्हणून पळवली आणि जोरात ब्रेक दाबला. पुन्हा पळवली, पुन्हा दाबला. खल्फान धावत आला. "सासूबाई, काय चाललंय? लोक बघतायत!"

"बघू देत. तू बाजूला हो!"

जळका वास आला. तिनं मनातल्या मनात दिलमुरादला दोन शिव्या दिल्या आणि जीप बराच वेळ नुसतीच फिरवत राहिली. मग बोळाच्या तोंडाशी येऊन ब्रेक दाबला. जीप जागच्या जागी थांबली, पुढे झुकून.

तरी लेकीला घेऊन उतरताना तिनं लो गिअर सोडला नाही. एका वळणावर समोर शेळ्या आडव्या आल्या. पाय दाबला, जीप थांबली. शेळ्या रमतगमत गेल्या. पुढे सरळ, रिकाम्या तुकड्यावर गुबैशानं पुन्हा ब्रेक दाबला. थोड्या वेळानं आणखी एकदा.

"आता कुठं काय आडवं आलंय?" मुझैना वैतागली.

"काही नाही. मघाशी ब्रेक चुकून लागला असेल, म्हणून बघतेय."

"उम्मी, पोटातलंसुद्धा कंटाळलं तुझ्या या बघण्याला."

"कंटाळू दे," गुबैशा म्हणाली. "जन्मल्यावर भांडेल माझ्याशी. खाली पोचेपर्यंत मी कुणाचंच ऐकायची नाही."